खाल्ले एकाने, खवखवले दुसऱ्याला

रात्रभर खलबते झाली आणि ३० सप्टेंबर २००८ च्या सकाळी आयर्लंडच्या सरकारने सहा बँकांची हमी घेतली. बिल्डरांना वारेमाप कर्जे देऊन डबघाईला आलेल्या या बँकांत पुढे सुमारे ६,४०० कोटी युरो ओतावे लागले. लोकसंख्या तेव्हा जेमतेम ४५ लाख. म्हणजे पाळण्यातल्या बाळासकट दरडोई १४ हजार युरो! कर वाढले, २०११ मध्ये काही महिने किमान वेतनही तासाला एका युरोने कापले गेले.

सामान्य ठेवीदार वाचलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण जोखीम ओळखून रोखे घेणारे बहुतेक बडे गुंतवणूकदारही सहीसलामत सुटले. लोकांचा संताप होता तो यासाठी. बँक जरूर वाचवावी. पण झळ आधी नफा खाणाऱ्यांना बसावी. करदात्याच्या ताटाला हात सर्वांत शेवटी!