एक मीटर, पाच बिऱ्हाडे

भुसावळच्या उशाला दीपनगर आहे. तेथील 500 मेगावॉटच्या दोन संचांची वीज सबंध महाराष्ट्रात खेळते. राख तेवढी आसपासच्या शेतशिवाराच्या वाट्याला येते. त्या वीजकेंद्राच्या सावलीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा कंत्राटी कामगार मात्र स्वतःचे मीटर असलेल्या शेजाऱ्यापेक्षा महाग वीज जाळतो. यात वीजचोरी नाही की कोणाची उघड लबाडीही नाही. गफलत आहे ती हिशेबाच्या पद्धतीत.

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिली 100 युनिटे स्वस्त, 101 ते 300 पर्यंतची जवळजवळ दुप्पट दराची आणि 301 पासूनची त्याहून महाग. ज्याचा वापर थोडा त्याच्यावर बोजा थोडा, हे या रचनेमागचे तत्त्व समाजवादी विचाराला मानवणारे आहे. पण रेल्वे स्टेशनाच्या आसपासच्या वस्तीत किंवा कारखान्यांच्या वाटेवर एखाद्या घराचा वरचा मजला आणि मागची पडवी पाच बिऱ्हाडांना दिलेली असते आणि मीटर एकच असते. प्रत्येक बिऱ्हाड महिन्याला 80 युनिटे वापरते असे धरा. स्वतंत्र मीटर असते तर पाचही बिऱ्हाडे पहिल्या टप्प्यातच राहिली असती. एका मीटरवर ती 400 युनिटे होतात: 100 स्वस्त, 200 दुपटीची, 100 तिसऱ्या टप्प्यातली. गरिबासाठी ठेवलेली सवलत गरिबांची संख्या वाढली म्हणून नाहीशी होते! स्वतंत्र मीटर घेतल्यास प्रत्येकाला स्थिर आकार वेगळा भरावा लागेल हे खरे. तो धरूनही हिशेब भाडेकरूच्याच बाजूने उरतो. घरमालकाने बसविलेले सबमीटर केवळ युनिटे मोजते. टप्प्यांचा लाभ ते परत देऊ शकत नाही, आणि मालक जो एकच सरसकट दर लावतो तो बिलाशी ताडून पाहण्याची सोयही भाडेकरूला क्वचितच मिळते.

कायदा येथे भाडेकरूच्या विरोधात नाही. 2003 च्या विद्युत कायद्यातील कलम 43 नुसार जागेचा मालकच नव्हे तर ताबेदारही वीजजोडणी मागू शकतो. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने घरमालकाचे ना-हरकत पत्र नाही एवढ्याच कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 सबळ कारणाशिवाय वीज वा पाणी तोडण्यास मनाई करतो आणि घेतलेल्या रकमेची पावती देणे घरमालकावर बंधनकारक करतो.

मग अर्ज का होत नाहीत? अकरा महिन्यांचा करार, अडकलेले डिपॉझिट आणि पुढच्या घराची भ्रांत ही तीन उत्तरे पुरेशी आहेत. भाडेकरू बदलीचा रेल्वे कर्मचारी असेल तर आज ना उद्या जायचेच म्हणून तो सोसतो. घरमालकाची धास्तीही अगदीच खोटी नव्हे. भाडेकरू थकबाकी ठेवून गेला तर तगादा त्याच्या दाराशी येतो. पुष्कळदा हा मालक म्हणजे निवृत्तीच्या पैशांतून दोन खोल्या वाढविलेला माणूस असतो. त्याला शत्रू ठरवून चळवळ पुढे जाणार नाही. भाडेकरूच्या नावे जोडणी आणि त्याच्याच नावे महावितरणकडे सुरक्षा ठेव, हा दोघांनाही परवडणारा मार्ग आहे.

पाण्याचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. तापीकाठच्या या शहरात नळाला पाणी वर्षानुवर्षे खंड पडतच येत राहिले. म्हणून घरोघरी हौद आले, हौदावर पंप आला आणि पंपाचे बिल आले. ते घरटी वाटावे की माणशी? एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याने सात माणसांच्या कुटुंबाइतके पैसे का द्यावेत? उलट, माणशी वाटणी केली की लेकुरवाळ्या घराला दंड बसतो. सहकारी गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींनी पाणीपट्टी नळांची संख्या आणि आकार यांवर, तर सेवाखर्च सर्व सदनिकांवर सारखा ठेवला आहे. 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याने सामाईक खर्च अविभक्त हिश्शाच्या टक्केवारीवर नेला. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलता येईल. पण ज्या सभेत त्यांचा हिशेब मंजूर होतो तेथे भाडेकरूला जागा नसते. रक्कम मात्र बहुधा त्याच्याच खिशातून जाते.

मृणालताई गोरे यांनी गोरेगावात पाण्याचा प्रश्न हाती घेतला तेव्हा तो क्षुल्लक मानणारे आपल्यातही थोडे नव्हते. भुसावळच्या कार्यकर्त्यांनी निदान एका गल्लीत बिऱ्हाडवार युनिटांची यादी करावी, मूळ बिल मागून घ्यावे, घरमालकांना बैठकीस बोलवावे आणि स्वतंत्र जोडणीचे अर्ज एकगठ्ठा महावितरणच्या कचेरीत दाखल करावेत. एकट्याने अर्ज केला की त्याला घर सोडावे लागते. गल्लीतल्या चाळीस बिऱ्हाडांना एकदम बाहेर काढणे कोणालाही परवडणार नाही.