सत्यशोधक लग्नाला टाळ्या वाजवता, मग कायदा कधी करता?

लग्नसराई आली की सत्यशोधक लग्नांचे फोटो सुरू होतात. जोतीराव-सावित्रीबाईंची तसबीर, अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या, भटजींच्या जागी एखादे सर नाहीतर ताई. खाली आमदार साहेबांची कमेंट, 'पुरोगामी महाराष्ट्राचा आदर्श'. आदर्श आहेच. पण उद्या भांडण झालं तर हे लग्न कोर्टात टिकेल का, हे त्या पोरा-पोरीला कुणी सांगतं का? लग्न लावणारेसुद्धा सांगत नाहीत, याचा मला राग आहे.

हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ म्हणतं, वधू किंवा वर यांच्यापैकी एकाकडच्या रूढ विधींनी लग्न लागलं पाहिजे. विधीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर ते पूर्ण. शपथ घेतली, हार घातले, याचा त्यात उल्लेख नाही. आता 'सत्यशोधक पद्धत हीच आमची रूढी' असं म्हणता येतं, दीडशे वर्षं होऊन गेली. पण ते सिद्ध करायचं कुणी? नवऱ्याने हात वर केल्यावर त्या बाईने. स्वतःच्या खर्चाने, तारखांवर तारखा घेत.

उगाच भीती घालत नाहीये. १९६५ चा भाऊराव लोखंडे खटला आपल्याच राज्यातला. पहिली बायको असताना गड्याने 'गांधर्व' पद्धतीने दुसरं लग्न केलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, होम नाही, सप्तपदी नाही, रूढीने ते गळाल्याचंही सिद्ध नाही, म्हणजे दुसरं लग्न लागलंच नाही. मग द्विभार्येचा गुन्हा कसला? सुटला. पहिलीच्या हाती धुपाटणं.

'पण आम्ही महापालिकेचं सर्टिफिकेट घेतलंय!' घेतलं असेल. १९९८ च्या राज्य कायद्याखालची ती नोंदणी म्हणजे लागलेल्या लग्नाची नोंद. विधीच झाले नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटने हिंदू लग्न होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२४ साली पुन्हा सांगितलंय. वर त्या अर्जात पुरोहिताचं नाव आणि सही मागतात. पुरोहित नको म्हणून ज्यांनी एवढा खटाटोप केला, त्यांनी तिथे सही कुणाची आणायची?

तमिळनाडूत हा घोळ नाही. अण्णादुराईंच्या सरकारने १९६७ साली कलम ७-अ आणलं. नातेवाईक-मित्रांसमोर, दोघांना कळणाऱ्या भाषेत एकमेकांना स्वीकारलं, किंवा हार-अंगठी घातली, किंवा ताली बांधली, की लग्न लागलं. आधी झालेली स्वाभिमान लग्नंही वैध धरली. आर्य समाजी लग्नांसाठी तर १९३७ पासून वेगळा कायदा आहे. आणि २५ डिसेंबर १८७३ ला जिथे पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, त्या महाराष्ट्राने काय केलं? विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे. विधानसभेने दुरुस्ती करायची, राष्ट्रपतींची संमती घ्यायची. तमिळनाडूने हेच केलं.

तोवर भरवशाचा रस्ता म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४. त्याला लोक उगाच रुक्ष समजतात. कलम १२ प्रमाणे विधी तुमच्या पसंतीचा कुठलाही चालतो. फक्त विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर, दोघांना समजेल अशा भाषेत स्वीकाराचं ठरलेलं वाक्य बोलायचं. जादा फी भरून अधिकाऱ्याला वाजवी अंतरावरच्या हॉलवरही बोलावता येतं. म्हणजे सरांनी मंगलाष्टकं म्हणावीत, शपथ द्यावी, आणि कायदाही पाळला जावा, हे एकाच मांडवात जमतं. म्हणून हॉलला ॲडव्हान्स देण्याआधी नोटीस द्या. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं, नाहीतर परत नवी नोटीस.

पण ती नोटीस ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लागते. घरून विरोध असलेल्या आंतरजातीय जोडप्याचं नाव-पत्ता महिनाभर भिंतीवर! दोघांच्या संमतीने घरचं लग्न करणाऱ्यांना हे चालून जातं. जिवाची भीती असलेल्यांना 'जा, रजिस्टर करा' म्हणणं म्हणजे त्यांना विरोधकांच्या हवाली करणं. त्यांना तर ७-अ सारखी तरतूद सगळ्यात जास्त हवी.

येत्या अधिवेशनात यावर अशासकीय विधेयक मांडायला एकही आमदार पुरतो. तुमच्या आमदारांना टॅग करा आणि तारीख विचारा. लग्न ठरलेल्यांनी मात्र त्यांच्या उत्तराची वाट बघू नये, सोमवारी विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात जाऊन यावं.