रुग्णालयाची वाढ कशाने मोजावी?

सालाबादप्रमाणे हा अंक वाचकांच्या हाती देताना सरत्या वर्षाचा आढावा घेण्याचा रिवाज आहे. परंतु पावसाचा लहरीपणा, महागाई आणि साहित्यसंस्थांतील वादंग यांविषयी आपण वर्षभर पुष्कळ वाचले आहे. आमच्या मनात सलत राहिली ती गोष्ट निराळीच आहे. गावोगावच्या रुग्णालयांच्या वर्धापनदिनांची निमंत्रणे, स्मरणिका आणि जाहिराती आमच्या कचेरीत येतात, त्यांत मजल्यांची, खाटांची व यंत्रांची संख्या ठळक अक्षरांत असते, देणगीदारांच्या नामफलकांची छायाचित्रे असतात. मात्र त्या रुग्णालयामुळे पंचक्रोशीतील कोणते आजार हटले, तेथे किती परिचारिका शिकून तयार झाल्या, याचा एका ओळीचाही हिशेब आम्हांस यंदा आढळला नाही.

वस्तुतः या प्रांताची परंपरा अशी नव्हे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरज संस्थानात १८९४ साली रुग्णालय उभारले आणि काही वर्षांतच एतद्देशीय तरुणांना वैद्यकविद्या शिकविण्याची व्यवस्था केली. रुग्णालयाने आपल्यासारखे आणखी सेवक घडवावेत, हा त्यामागील विचार होता.

तोच विचार अधिक दूरवर नेला तो जामखेडने. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातील त्या दुष्काळी तालुक्यात आले आणि गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी काम सुरू केले. रुग्णांची रीघ लागली, तरी खेड्यातील बालमृत्यू, कुपोषण आणि बाळंतपणातील हाल केवळ रुग्णालयात बसून थांबणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. आणि शिकलेल्या परिचारिका खेड्यात रुजत नाहीत असे दिसताच, गावानेच निवडलेल्या स्त्रियांना, ज्यांतील पुष्कळजणी निरक्षर आणि दलित समाजातील होत्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गरोदर स्त्रीची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, अतिसारात मीठ-साखरेचे पाणी, क्षय व कुष्ठरोगाची लक्षणे हे सारे ज्ञान या बायांनी आत्मसात केले आणि घरोघरी नेले. दुष्काळात कूपनलिका खोदल्या, त्याही शक्य तेथे दलित वस्तीत, जेणेकरून पाण्यासाठी साऱ्या गावाला तेथे जावे लागे. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशोदेशीचे विद्यार्थी जामखेडला शिकण्यास येऊ लागले. रुग्णालयाची इमारतही यथावकाश वाढली. पण जामखेडची खरी वाढ त्या इमारतीबाहेर, खेड्यापाड्यांतील बायांच्या हातांत झाली.

यंत्रे नकोत, असे आमचे म्हणणे नाही. अपघातात सापडलेल्या मजुराला सुसज्ज शस्त्रक्रियागृह लागते आणि ते त्याच्या तालुक्यात असावे, हा त्याचा हक्क आहे. आमचा आक्षेप आहे तो प्राधान्यक्रमाला. २००५ पासून देशभर उभ्या राहिलेल्या आशा स्वयंसेविका जामखेडच्याच विचाराच्या वारसदार असताना, मानधनासाठी त्यांना वारंवार रस्त्यावर उतरावे लागते. आणि नव्या दालनांच्या उद्घाटनांस मात्र कधी निधी कमी पडत नाही. माणसांवर खर्च करण्यास कद्रू आणि भिंतींवर खर्च करण्यास उदार असलेला समाज आरोग्यसंपन्न होऊ शकत नाही, हे आमचे स्पष्ट मत आहे.

यंदाच्या अंकाचा विषय 'वाढ' हा आहे. शहरांची, भाषेची, मुलांची व पिकांची वाढ आमच्या लेखकांनी आपापल्या परीने तपासली आहे. रुग्णालयाचा प्रश्न आम्ही त्यांत मुद्दाम जोडला, कारण वाढ म्हणजे आकार, हा समज सर्वत्र एकच आहे. आपण वाचक वर्षानुवर्षे या अंकाचे सोबती आहात, म्हणून एक विनंती हक्काने करतो. या दिवाळीत आपल्या गावच्या रुग्णालयास देणगी द्यावयाची असेल, तर ती नामफलकासाठी देऊ नका. एखाद्या परिचारिकेच्या शिक्षणासाठी द्या, आणि वर्षअखेर त्या शिक्षणाचा हिशेब विश्वस्तांकडे अवश्य मागा.