ओसरीवरून : एक स्थानक आणि बावीस हजार हरकती

गेल्या महिन्यांतील गोष्ट. दिवेलागणीच्या सुमारास आम्ही ओसरीवर बसलों असतां आमचा पुतणा एक कागद घेऊन आला. आमच्या गांवच्या लहानशा स्थानकावर सकाळची जी गाडी थांबत असे, तिचा थांबा काढून घेण्यांत आला आहे. तो परत मिळावा म्हणून गांवकऱ्यांनीं अर्ज केला होता. "काका, येथें तुमची सही हवी," तो म्हणाला.

आम्हीं आयुष्यभर शाळेंत अर्जांचे मायने शिकविले. त्या अर्जांचें पुढें काय होतें, हेंहि पाहिलें. आम्ही म्हणालों, "बाळ, आमच्या एका सहीनें आगगाडी थांबणार आहे काय?" तो कांहीं बोलला नाहीं. दुसरे दिवशीं मात्र त्यानें एक इंग्रजी पुस्तक आमच्या उशाशीं आणून ठेवलें. तें इंग्लंडांतील सेटल नामक गांव आणि तेथील लोहमार्ग यांविषयीं होतें. वाचतां वाचतां आमची मान आपोआप खालीं गेली. त्यांत असें काय होतें, तेंच आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

सेटल हें यॉर्कशरमधील रिबल नदीकांठचें एक जुनें बाजारगांव. वस्ती अवघी अडीच-तीन हजारांच्या आंतबाहेर. भोंवतीं चुनखडीचे डोंगर आणि मेंढरांचीं कुरणें. गांवाच्या नांवाचें पहिलें स्थानक १८४९ सालीं झालें, पण तें गांवापासून दूर, नदीपलीकडे. आज तें गिगलस्विक या नांवानें ओळखलें जातें. गांवालगतचें स्थानक उतारूंसाठीं १ मे १८७६ रोजीं उघडलें, आणि आरंभीं कांहीं काळ त्यास 'नवें सेटल' म्हणत.

हें दुसरें स्थानक कां झालें, याची कथा मोठी मौजेची आहे. मिडलंड नांवाच्या कंपनीस स्कॉटलंडकडे जावयाचें होतें. परंतु तिचा मार्ग इंगलटन येथें संपे आणि पुढील मार्ग प्रतिस्पर्धी कंपनीच्या हातीं होता. दरीच्या दोन अंगांस दोन कंपन्यांचीं दोन स्थानकें! आरंभीं उतारूंना सामानसुमान घेऊन एकावरून दुसऱ्यावर पायीं जावें लागे, आणि पुढेंहि त्यांचे डबे कित्येकदां कोळशाच्या मालगाडीस जोडीत. भाऊबंदकींत पाहुण्यांचे कसे हाल होतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अखेर सेटलपासून कार्लाइलपर्यंत सुमारें ७२ मैलांचा स्वतंत्र मार्ग बांधण्याची परवानगी मिडलंडनें १८६६ सालीं पार्लमेंटकडून मिळविली. तेवढ्यांत प्रतिस्पर्धी नरम आला. खर्चाच्या भयानें मिडलंडनें १८६९ मध्यें तो बेतच सोडून देण्याची अनुज्ञा मागितली. या मार्गावर भिस्त ठेवून बसलेल्या इतर कंपन्यांनीं हरकत घेतली आणि पार्लमेंटनें ती अनुज्ञा नाकारली. म्हणजे हा मार्ग बांधला गेला तोच मुळीं मालकाच्या इच्छेविरुद्ध, आणि दुसऱ्यांच्या हरकतीमुळें! ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आमच्या बोरघाटांतील लोहमार्ग त्यापूर्वींच, १८६३ सालीं, पुरा झाला होता. तेव्हां डोंगर फोडून रूळ नेणें म्हणजे काय, हें आपल्याकडील लोकांस ठाऊक होतें. सेटलपुढील डोंगरांतहि तेंच दिव्य करावें लागलें. चौदा बोगदे, वीसांहून अधिक मोठे पूल. रिबलहेड येथील पूल २४ कमानींचा, सुमारें पाव मैल लांब आणि शंभर फुटांहून उंच. अंदाज बावीस लक्ष पौंडांचा होता, तो पस्तीस लक्षांच्या पुढें गेला. सहा हजारांच्या आसपास मजूर दलदलींत लांकडी झोंपड्या उभारून राहिले. अपघात, थंडी आणि देवीची सांथ यांनीं त्यांना गांठलें. जवळच्या चॅपल-ल-डेल येथील चर्चच्या आवारांत या वस्त्यांतील दोनशेंहून अधिक माणसें पुरलीं आहेत. त्यांत बायकामुलेंहि आहेत. वेगवान् गाडींत खिडकीशीं बसून चहा घेणाऱ्या उतारूस त्यांची आठवण क्वचितच येत असेल.

स्थानकाची इमारत तेथील दगडाची, तीक्ष्ण त्रिकोणी शिखरांची व नक्षीदार लांकडी झालरींची. ही धाटणी मिडलंडचे वास्तुकार सँडर्स यांची. मार्ग उघडला, तेव्हां ह्या कंपनीनें एक स्तुत्य पायंडा पाडलेला होता. १८७२ पासून तिनें आपल्या सर्व गाड्यांत तिसऱ्या वर्गाच्या उतारूंस जागा दिली, आणि १८७५ च्या आरंभीं दुसरा वर्गच रद्द करून तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत त्याच्या सोयी आणिल्या. गरिबानें लांकडी फळीवरच बसावें असा संकेत असलेल्या काळीं ही लहान गोष्ट नव्हे.

पुढें मोटारी आल्या आणि आगगाडीची सद्दी संपूं लागली. १९६३ सालीं बीचिंग यांच्या अहवालानें ह्या मार्गावरील उतारूंची वाहतूक बंद करण्याची शिफारस केली. ती तात्काळ अमलांत आली नाहीं. परंतु १९७० मध्यें मधलीं लहान स्थानकें बंद झालीं, आणि सेटल व ॲपलबी हीं दोनच उरलीं. १९८२ त लांब पल्ल्याच्या गाड्या दुसरीकडे वळविल्या गेल्या. रिबलहेडचा पूल खिळखिळा झाला आहे, दुरुस्तीचा खर्च झेपणार नाहीं, असें सांगण्यांत येऊं लागलें, आणि १९८३ च्या अखेरीस मार्ग बंद करण्याची नोटीस लागली. आधीं गाड्या कमी करावयाच्या आणि मग उतारू येत नाहींत म्हणून हिशेब दाखवावयाचा, ही रीत पाहून आमच्या वाचकांस आपल्याच गांवची आठवण होईल.

पण कायद्यांत एक कलम होतें. मार्ग बंद झाल्यानें ज्याची अडचण होईल, अशा कोणाहि उतारूस हरकत नोंदवितां येत असे. मार्गाच्या हितचिंतकांचा एक संघ १९८१ सालींच निघाला होता. त्यानें गांवोगांव फिरून लोकांस एवढेंच सांगितलें, "तुम्हीं स्वतः लिहा." आणि लोकांनीं लिहिलें. बावीस हजारांहून अधिक हरकती आल्या! त्यांपैकीं एक तर चक्क एका कुत्र्याची होती. संघाच्या चिटणिसांचा रसप नांवाचा हा कुत्रा तिकीट काढून प्रवास करी; तेव्हां तोहि रीतसर उतारूच. त्याच्या पंजाचा ठसा सहीच्या जागीं उमटवून हरकत दाखल झाली.

दुसरी नवलाची गोष्ट अशी कीं, मार्ग बंद करण्याच्या कामावर नेमलेले अधिकारी रॉन कॉटन यांनींच भाडीं उतरविलीं, गाड्या वाढविल्या, आणि १९८६ त बंद पडलेलीं आठ स्थानकें पुन्हां उघडलीं. १९८३ सालीं ह्या मार्गावर ९३ हजार प्रवास झाले होते. १९८९ पर्यंत तो आंकडा साडेचार लक्षांवर गेला. नुसत्या सह्यांनीं हें झालें नसतें. सही करणारे लोक तिकीट काढून गाडींत बसले, हें त्यांतील मर्म आहे. ११ एप्रिल १९८९ रोजीं सरकारनें जाहीर केलें कीं मार्ग बंद होणार नाहीं. पूल दुरुस्त झाला, आणि खर्च भीति घातली होती त्याहून पुष्कळच कमी आला!

त्या कुत्र्याची गोष्ट येथें संपत नाहीं. १९९० च्या जानेवारींत त्याचे धनी वेल्सच्या डोंगरांत फिरावयास गेले ते परतले नाहींत. एप्रिलांत त्यांचा देह एका ओढ्याकांठीं सांपडला. अकरा आठवडे, भर हिंवाळ्यांत, रसप त्या देहाजवळ राखण करीत राहिला होता. धन्याच्या अंत्यविधीस तो हजर होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानेंहि प्राण सोडला. महाप्रस्थानाच्या वेळीं धर्मराजानें कुत्र्यास सोडून स्वर्गांत जाण्याचें नाकारलें, ही कथा आम्हीं वर्गांत कितीदां सांगितली असेल. येथें कुत्र्यानें धर्मराजास सोडलें नाहीं. २००९ सालीं, त्याच ११ एप्रिलला, ह्या मार्गावरील गार्सडेल स्थानकाच्या फलाटावर त्याचा ब्राँझचा पुतळा उभारण्यांत आला.

आज सेटलच्या स्थानकावर लीड्स आणि कार्लाइल यांमधील गाड्या दोन्ही दिशांनीं थांबतात. मालगाड्याहि धांवतात. १८९१ सालची सिग्नलची खोली १९८४ त निकामी झाली होती. ती उचलून जवळच नव्या जागीं मांडली आहे आणि स्वयंसेवक ती पाहुण्यांस दाखवितात. फलाटांस जोडणारा पादचारी पूल स्कॉटलंडांतील ड्रेम येथून आणलेला. २०१६ मध्यें आर्मथ्वेटजवळ दरड खचून मार्गाचा उत्तरेकडील भाग बंद पडला, तेव्हां तो सोडून देण्याची भाषा कोणी काढली नाहीं. सुमारें दोन कोटि तीस लक्ष पौंड खर्चून ३१ मार्च २०१७ रोजीं तो पुन्हां सुरू करण्यांत आला. ज्या मार्गाला एकेकाळीं पुलाच्या दुरुस्तीचे पैसे महाग वाटत होते, त्याचीच ही कथा.

सेतुबंधनांतील खारीची गोष्ट आपण मुलांस सांगतों आणि स्वतः विसरतों. अंगाला चिकटलेल्या चिमूटभर वाळूनें समुद्र बुजेल काय, असा प्रश्न खारीनें केला नाहीं. तो प्रश्न करण्याइतकें शहाणपण आम्हां शिकलेल्या वडील मंडळींनाच सुचतें.

पुस्तक मिटवून आम्हीं पुतण्यास हांक मारली. अर्ज अजून गेला नव्हता. आम्हीं सही केली. मग आमच्या मंडळींनीं केली, वहिनींनीं केली, दोन्ही सुनांनीं केली. मागील आठवड्यांत तालुक्यास जाणें पडलें, तेव्हां मोटार न करतां, जी एक गाडी येथें अजून थांबते, तिनेंच गेलों, तिकीट काढून. सकाळच्या गाडीचा थांबा अद्यापि परत मिळालेला नाहीं. पुतणा दुसरा अर्ज लिहीत आहे; त्याचा मायना या वेळीं आम्हीं तपासून दिला आहे.