सशर्त सौभाग्य

महाबळेश्वरचा उन्हाळी हंगाम आणि सातारा-सांगलीकडील लग्नसराई एकाच सुमारास येतात, आणि परदेशस्थ स्थळांची चर्चाही तेव्हाच घरोघर रंगते. मुलाचे शिक्षण, पगार, पत्रिका सारे पाहिले जाते. मुलगी तिकडे कोणत्या परवान्यावर राहणार, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

वास्तविक कळीचा प्रश्न तोच आहे. अमेरिकेने १९८६ च्या कायद्यान्वये असे ठरविले की, विवाहाच्या आधारे मिळणारा निवासहक्क, त्या वेळी विवाहास दोन वर्षे झाली नसल्यास, सशर्त राहील. आणि ही अट उठविण्यासाठी मुदतीच्या अखेरच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी संयुक्त अर्ज करावा. ब्रिटनने तर परीक्षेची मुदत २०१२ मध्ये दोन वर्षांवरून पाचांवर नेली.

केवळ कागदोपत्री लग्न लावून देशात शिरणाऱ्यांस रोखण्याचा अधिकार कोणत्याही राष्ट्रास आहे. त्याविषयी आमचा वाद नाही. परंतु ज्या सहीवाचून पत्नीचा निवास टिकत नाही, ती सही दुष्ट पतीच्या हातचे शस्त्र होते. कायदा लबाडांसाठी केला, जाच मात्र निरपराध स्त्रीस सोसावा लागतो. ही गोष्ट त्या देशांनाही उमगली. अमेरिकेने १९९० मध्ये छळ झालेल्या जोडीदारास एकट्याने अर्ज करण्याची मुभा दिली. ब्रिटनने २००२ मध्ये अशांसाठी स्वतंत्र नियम केला. तथापि, परमुलखात एकाकी स्त्रीने छळाचा पुरावा जमवावयाचा कसा, हा प्रश्न उरतोच.

मात्र दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी आपण आपले अंगण पाहावे. भारतीयाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीस नागरिकत्वासाठी येथे सात वर्षांचा निवास दाखवावा लागतो. विवाहाच्या नात्याने मिळालेले ओसीआय कार्ड तर, विवाह कितीही वर्षे टिकलेला असो, घटस्फोट होताच रद्द करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे; छळामुळे संसार मोडला असल्यास काय, याविषयी ते कलम मूक आहे. जी सवलत आपण आपल्या लेकींसाठी परक्यांकडे मागतो, ती परक्यांच्या लेकींस आपण अद्याप दिलेली नाही. संसदेने या कलमात छळपीडितांसाठी स्पष्ट अपवाद घालावा, अशी आमची मागणी आहे.

आणि वधुपित्यांनी पत्रिकेइतक्याच बारकाईने परवान्याचे कागद वाचावेत. कन्यादानाबरोबर कन्येचा निवासहक्कही जावयाच्या स्वाधीन करावयाचा नसतो.