प्रबंधाचा विषय वऱ्हाडातच आहे

खामगाव-मलकापूरकडची एखादी विद्यार्थिनी एलएलएमनंतर आंतरराष्ट्रीय कायद्यात पीएचडी करायची म्हणते, तेव्हा आपणच तिला विचारतो, ‘इथे बसून काय मिळणार?’ मग ती ग्रंथालयातल्या चार पुस्तकांवर सागरी कायद्याचा प्रबंध बेतते. पदवी मिळते, अभ्यासक घडत नाही. याची जबाबदारी आपल्यावर, मार्गदर्शकांवर आहे.

चार्ल्स अलेक्झांड्रोविच 1951 ते 1961 मद्रास विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत होते. युरोपातून आलेल्या या प्राध्यापकाने भारतीय राजांनी परकीय सत्तांशी केलेले तह वाचायला घेतले आणि त्यावरच नाव कमावले. 1967 च्या त्यांच्या ग्रंथाशिवाय आज या विषयाचा इतिहास लिहिता येत नाही. असे कागद न्यायालयातही बोलतात. दादरा-नगर हवेलीच्या वादात पोर्तुगालने हेगच्या न्यायालयापुढे पेशव्यांशी झालेला 1779 चा तह ठेवला. 1960 च्या निकालात न्यायालय म्हणाले, पेशव्यांनी दिला तो वर्षाला 12,000 रुपयांचा महसूल. सार्वभौमत्व दिले नाही.

हाच पेच बुलढाण्याच्या मातीत आहे. 1853 च्या कराराने निजामाने कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला. 1902 मध्ये कर्झनने तो वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला. कारभार इंग्रजांचा, मालकी निजामाची! 1936 च्या करारात ही मालकी पुन्हा मान्य झाली आणि निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. मधल्या काळात, 1891 साली, ब्रिटिश सरकारने जाहीर केले होते की संस्थानांशी असलेल्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायदा लागूच नाही. मग हे करार नेमके कोणत्या कायद्याखाली झाले? मेहकर-चिखलीच्या शेतकऱ्याचा सार्वभौम कोण होता? यावर एक काय, चार प्रबंध होतील.

वर्तमानातला विषय हवा असेल तर लोणार आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये हे सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. 1971 च्या रामसर करारातली बंधने तिथे तहसील आणि नगरपालिकेच्या पातळीवर कशी उतरतात, हे बुलढाण्यात राहणाऱ्या संशोधकाइतके जवळून कोण पाहील?

मोडी आणि फारसी शिकावी लागेल, नागपूर-हैदराबादच्या दप्तरखान्यांत महिनेच्या महिने बसावे लागेल. तेवढी सवड विद्यार्थ्याला मिळवून देणे मार्गदर्शकाचेच काम. विद्यापीठाच्या संशोधन व मान्यता समितीच्या (आरआरसी) पुढच्या बैठकीत असा एखादा विषय घेऊन जा, अडला तर त्याच्या बाजूने भांडा. वऱ्हाडच्या करारांवरचे आणि लोणारवरचे शोधनिबंध हे मासिक लांबीची अट न घालता छापील.