बिबट्याचा दाखला सरड्याला कशाला?

सड्यावर (कातळी पठारावर) पवनचक्क्या येवोत, खाण येवो की रस्ता रुंद होवो, एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘प्राण्यांचं काही होत नाही हो, ते जुळवून घेतात.’ म्हणणारे अडाणी नसतात. डार्विन त्यांनी ऐकलेला असतो. आणि हुकमाचं पान हातात असतंच, जुन्नरचा बिबट्या. जंगल आटलं तर तो उसात शिरला, तिथंच त्यानं पिलं वाढवली, कुत्र्या-शेळ्यांवर गुजराण केली. मग तुमच्या सरड्या-बेडकांनाच काय धाड भरलीय?

दाखला खरा आहे. पण तो बिबट्याचा आहे. आफ्रिकेच्या गवताळ रानापासून रशियाच्या अतिपूर्वेकडच्या बर्फापर्यंत राहणारं, उंदरापासून सांबरापर्यंत मिळेल ते खाणारं हे जनावर. हा लवचिकपणा उसानं त्याला शिकवला नाही, तो आधीपासूनच अंगी होता. (त्याच्या या जुळवून घेण्याची किंमत काय, ते जुन्नर-शिरूरच्या शेतकऱ्यांना विचारावं.)

खरा घोटाळा पुढे आहे. एखाद्या प्राण्यानं हयातीत सवय बदलणं वेगळं आणि पिढ्यान्‌पिढ्यांत अख्खा समूह बदलणं वेगळं. पहिलं जुळवून घेणं, दुसरी उत्क्रांती. पूर्वपक्ष पहिल्याचा पुरावा देतो आणि दुसऱ्याचा दिलासा घेतो. त्या दुसऱ्यात दिलासा किती, तेही पाहू. 1977 साली गॅलापागोसमधल्या डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावर पावसानं दगा दिला. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य तिथल्या फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होतं. लहान, मऊ बिया संपल्या, टणक तेवढ्या उरल्या. त्यांनी पाहिलेल्या एका जातीतले सुमारे 85 टक्के पक्षी नाहीसे झाले. तगले ते बहुतांशी जाड चोचीचे आणि त्यांच्या पिलांच्या चोचीही सरासरीनं जाड निघाल्या. दुष्काळ पाहून एकाही पक्ष्यानं आपली चोच जाड करून घेतली नव्हती. जाड चोचीचे काही पक्षी कळपात आधीपासून होते, म्हणून निवडीला निवडायला काही तरी मिळालं. ते नसते तर या जातीपुरतं बेट जवळजवळ रिकामं झालं असतं. ‘फिंचांनी जुळवून घेतलं’ हे वाक्य मेलेल्यांना वगळूनच लिहिता येतं.

आता घराजवळ, साताऱ्याच्या चाळकेवाडीला येऊ. तिथल्या पठारावर जुनी पवनचक्क्यांची रांग आहे आणि त्यांच्या पायाशी एक सरडा. विणीच्या हंगामात याचा नर दगडावर चढून निळा, काळा, नारिंगी गळा पंख्यासारखा उघडतो. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी 2018 साली या पठाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी आढळले आणि सरडे मात्र जास्त. पाहा, फायदाच झाला, असं कुणी म्हणेल. पण तेच सरडे अंगानं रोडावलेले, गळ्याचे रंग फिके, आणि कुणी जवळ आलं तरी उशिरा पळणारे. याला उत्क्रांती म्हणायचं तर हे बदल आनुवंशिक आहेत हे आधी सिद्ध करा. सरडा उपासमारीनंही रोडावतो. आणि भीती विसरलेल्या सरड्यांवर उद्या घारी-ससाणे परतले तर?

इथं दुसरा आक्षेप पुढे येतो. हा सरडा म्हणे ‘दुर्मीळ’ केला वर्गीकरणवाल्यांनी. खवले मोजायचे, एका जातीच्या चार करायच्या आणि नाव कमवायचं. जाती फोडण्याची हौस काहींना असते, हे मी मान्य करतो. पण इथला हिशेब पाहा. क्युव्हिएनं 1829 मध्ये पुदुच्चेरीच्या सरड्याला नाव दिलं आणि पुढं देशात दूरदूरवर दिसणारे असे सरडे बहुतेक त्याच एका नावाखाली मोजले गेले. 2016 मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी डीएनए, खवले आणि गळ्याचे रंग शेजारी ठेवून तपासलं, तेव्हा त्या एका नावाखाली बरीच गर्दी निघाली. चाळकेवाडीचा सरडा तर वेगळ्या प्रजातीत गेला : सरडा सुपर्बा. दूरच्या किनाऱ्यावरचा त्याचा नातलग सुखरूप आहे म्हणून साताऱ्याचा सरडा वाचत नाही. दोघांना एका नावाखाली ठेवलं असतं, तर पठारावर होऊ शकणारा ऱ्हास देशभराच्या बेरजेत कुणाच्या नजरेलाही आला नसता.

पवनचक्क्यांना माझा विरोध नाही. वीज हवीच, आणि कोळशापेक्षा वाऱ्याची बरी. पण 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्प धरलेलेच नाहीत. त्यामुळे सड्यावर खांब रोवण्याआधी तिथं कोण राहतं हे त्या अधिसूचनेखाली कुणी विचारायला बांधील नाही. ते विचारणं सक्तीचं करा. पाहणी उन्हाळ्यात करा, नर गळे फुगवतात तेव्हा, आणि पावसाळ्यात पुन्हा. अहवालात ‘सरपटणारे प्राणी : सामान्य’ एवढ्यावर भागवू नका, जातवार नावं लिहा, आणि ज्या जातीला हे पठार सोडून दुसरीकडे थारा नाही तिच्या नावापुढे तसं नोंदवा.